रोम पायी बघायचंय, मग मुक्काम कुठे?

पत्र असं आहे:

“सप्टेंबरच्या शेवटी आम्ही तिघं ४ रात्रींसाठी रोमला चाललोय. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. रोज सकाळी सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालतात, पण जिना चढताना उजवा गुडघा कुरकुरतो. माझी हौस एकच, शहर पायी बघायचं. बस-मेट्रोच्या मागे धावायचं नाही. नवरा म्हणतो, टर्मिनी स्टेशनाजवळ हॉटेल घेऊ, स्वस्त पडतं आणि विमानतळाची गाडी थेट तिथे येते. बहीण जाऊन आलीय, ती म्हणते त्रास्तेवेरेमध्ये राहिलं नाही तर रोम पाहिलंच नाही. नकाशा बघून बघून डोळे दुखले. कुठे राहू?”

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागून. तेव्हेरे नदीच्या (आपण तिला टायबर म्हणतो) पश्चिम बाजूला, पाण्यापासून चार पावलांवर पिआत्सा कावूर नावाचा चौक आहे. प्राती या भागाचा हा नदीकडचा कोपरा. या चौकापासून पाच मिनिटांच्या आत, लिफ्ट असलेलं हॉटेल शोधा. टर्मिनी नको, आणि बहिणीला माझ्याकडून सांगा, त्रास्तेवेरेही नको.

मुक्काम निवडताना बहुतेक जण नकाशावर हॉटेलपासून कोलोसिअम किती लांब, व्हॅटिकन किती लांब, एवढंच मोजतात. मी खेपा मोजते. पायी फिरायच्या शहरात दिवसाला चार खेपा होतात: सकाळी बाहेर, दुपारी खोलीवर, संध्याकाळी पुन्हा बाहेर, रात्री परत. त्यातली दुपारची खेप कागदावर कुणी धरत नाही, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर सगळा दिवस तिच्यावरच उभा असतो. दुपारी तासभर पाठ टेकता आली तर संध्याकाळ मिळते, नाहीतर संध्याकाळ गेली म्हणून समजा.

हे मी अनुभवावरून सांगतेय. पहिल्यांदा रोमला गेले तेव्हा आई बरोबर होती आणि आम्ही स्टेशनाजवळच उतरलो होतो. पैसे वाचले म्हणून मी खूश होते. पहिल्या दिवशी भर दुपारी खोलीवर परतलो तेव्हा आईचे पाय सुजले होते. संध्याकाळी निघायची वेळ झाली तशी ती म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी बसते इथे.” दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रोमची खरी रया संध्याकाळी असते, चौकातले दिवे लागल्यावर. पिआत्सा नावोना आईनं त्या उजेडात पाहिलाच नाही. ती काही बोलली नाही, पण मला अजून लागतं ते. पुढच्या खेपेला मी मुक्काम हलवला आणि मग कळलं की चूक आईच्या पायांची नव्हती, पत्त्याची होती.

आता टर्मिनीचा हिशेब. स्टेशनापासून पँथिऑन (जुन्या शहराच्या गाभ्यातलं प्राचीन रोमन मंदिर) साधारण २ किलोमीटर. एका वेळेला काहीच नाही, पण चार खेपा धरा, रोजचे ८ किलोमीटर नुसते जाण्यायेण्यात. त्यात व्हिया नाझिओनाले हा मधला मोठा रस्ता जाताना उतार आणि येताना चढ. म्हणजे सकाळी ताजे पाय उतरणार आणि रात्री दमलेले पाय चढणार. रस्त्यात बघण्यासारखं फार नाही, दुकानं आणि गाड्या. मध्यभागात चालताना २ किलोमीटर कधी सरले ते कळत नाही, कारण दर वळणावर काहीतरी समोर येतं. कंटाळवाणा रस्ता पायांना दुप्पट वाटतो.

मेट्रोनं हे भरून निघेल असं तुमच्या मिस्टरांना वाटेल. तेही तपासू. रोममध्ये कुठेही खणलं की खाली जुनं रोम लागतं, त्यामुळे मेट्रो शहराच्या जुन्या गाभ्याला कडेकडेनं शिवून जाते. स्पान्या, बार्बेरिनी, कोलोसिओ ही स्थानकं आहेत, पण पँथिऑन किंवा नावोनाजवळ स्थानकच नाही. तिथे पायीच पोचायचं किंवा बसनं.

राहिली विमानतळाची गाडी. फ्युमिचिनोहून टर्मिनीला येणारी थेट रेल्वे ३२ मिनिटांत पोचवते, तिकीट माणशी १४ युरो. तिघांचे ४२ झाले. ऑरेलियन भिंतींच्या आतल्या कुठल्याही पत्त्यासाठी अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचा दर ठरलेला आहे, ५५ युरो, सामानासकट. (सम्राट ऑरेलियननं इ.स. २७१ मध्ये बांधायला घेतलेला तो तट आजही टॅक्सीचा दर ठरवतो याचं मला फार अप्रूप आहे.) एकट्या माणसाला रेल्वे परवडते, तिघांना फरक उरतो १३ युरोंचा, आणि टॅक्सी दारात सोडते. तेवढ्यासाठी ४ दिवस स्टेशनाशी बांधून घेऊ नका. एक लक्षात ठेवा, पिआत्सा कावूर या भिंतींच्या बाहेर पडतो, तिथे ठरलेला दर लागू नाही. म्हणून हॉटेलला आधीच लिहून, दर ठरवून गाडी मागवा.

टर्मिनीवर अन्याय नको. पहाटेच्या गाडीनं फ्लोरेन्स किंवा नेपल्सला जायचं असतं, तर मीच म्हटलं असतं, तिथेच राहा. शेजारच्या एस्क्विलिनोच्या मंडईत भारतीय आणि बांगलादेशी दुकानदारांकडे डाळी-मसाले मिळतात, हीही सोय खरी. पण तुम्हाला ४ दिवस रोमच बघायचंय.

त्रास्तेवेरेबद्दल बहीण खोटं बोलत नाहीये. नावाचा अर्थच “तेव्हेरेपलीकडे”. वेलींनी झाकलेल्या गेरू रंगाच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, अरुंद बोळ. सकाळी ८ वाजता ते जितकं सुंदर असतं तितकंच रात्री १२ वाजता गजबजलेलं. पिआत्सा त्रिलुस्साच्या पायऱ्यांवर आणि आसपासच्या गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत तरुण पोरांची गर्दी असते, आणि चिंचोळ्या बोळात आवाज दोन्ही भिंतींवर आपटत वर खिडकीपर्यंत येतो. मेट्रो तिथे नाही. फरशी ओबडधोबड, घरं जुनी, कित्येकांना लिफ्ट नाही. पंचविशीतल्या दोन मैत्रिणींना मी डोळे मिटून तिथे पाठवेन. तुम्ही मात्र एका संध्याकाळी पोंते सिस्तो या पादचारी पुलावरून तिकडे जा, जेवा, रमतगमत फिरा आणि झोपायला परत या. पुलावर मध्यभागी थांबायला विसरू नका, तिथून नदीच्या वळणावर व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चचा घुमट दिसतो.

खुद्द गाभ्यात, म्हणजे नावोना आणि पँथिऑनच्या आजूबाजूला का नको, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, आणि खरं सांगायचं तर मी एकटी किंवा नवऱ्याबरोबर असते तर तिथेच राहिले असते: नावोनाच्या पश्चिमेला व्हिया देई कोरोनारी नावाची सरळ गल्ली आहे, तिच्यात आणि नदीत जो पट्टा आहे तिथे. सेंट पीटर्सकडे निघालेले यात्रेकरू पूर्वी याच गल्लीनं जायचे, जपमाळा विकणाऱ्यांची दुकानं होती म्हणून हे नाव. रात्री बऱ्यापैकी शांत, आणि नदीनं घेरलेला हा सगळा भाग सपाट. रोमच्या सात टेकड्या लोकांना पाठ असतात, पण पर्यटक जिथे सर्वात जास्त चालतो तो नदीच्या कुशीतला भाग टेकडी नाहीच, हे कुणी सांगत नाही. प्राचीन काळी तिथे कवायतीचं मैदान होतं.

अडचण दोन गोष्टींची. पहिली, जिने. तिथल्या जुन्या वाड्यांची छतं उंच, त्यामुळे कागदावरचा दुसरा मजला पायांना तिसरा-चौथा वाटतो. ज्या इमारतींना लिफ्ट नाही त्यांना ती नव्यानं बसवणंही अवघड, जुन्या वास्तूला हात लावायला परवानगी सहजी मिळत नाही. लिफ्टवाली हॉटेलं आहेत, पण त्यांचा भाव गगनाला. दुसरी अडचण सांपिएत्रिनी, म्हणजे रस्त्यात बसवलेले काळ्या बेसॉल्टचे चौकोनी दगड. दिसायला देखणे, पण फटी असतात, पावसात निसरडे होतात, आणि बॅगेच्या चाकांचा खुळखुळा करतात. दिवसा त्यांच्यावरून चालायचंच आहे. निदान झोपेतून उठल्यावरची पहिली पावलं आणि रात्रीची शेवटची पावलं सरळ फुटपाथवर पडावीत.

मोंती हा भाग हल्ली सगळे सुचवतात. कोलोसिअमपासून दहा मिनिटांवर आहे, गोडही आहे, पण टेकड्यांच्या बेचक्यात वसलाय. तिथली व्हिया पानिस्पेर्ना एका टोकाला उभं राहून बघा, रस्ता झोक्यासारखा खाली जातो आणि वर येतो. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्याला तो झोका नको.

आता पिआत्सा कावूर. प्राती म्हणजे कुरणं. १८७० नंतर, रोम राजधानी व्हायच्या सुमारास, या कुरणांवर आखीवरेखीव वस्ती उभी राहिली. म्हणून रस्ते सरळ, फुटपाथ रुंद, इमारती पाच-सहा मजली आणि लिफ्ट सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. लिफ्ट म्हणजे कपाटाएवढी असते, दोन माणसं आणि एक बॅग, पण असते. इथे कचेऱ्या आहेत, वकील आहेत (चौकाला लागूनच न्यायालयाची अवाढव्य इमारत आहे), दुकानं आहेत, शाळेला निघालेली मुलं आहेत. रात्री ११ नंतर लोक झोपतात.

मात्र “प्राती” एवढंच बघून हॉटेल घेऊ नका, इथेच बरेच जण फसतात. प्राती मोठी आहे. ओत्ताव्हिआनो मेट्रोच्या पलीकडे उत्तरेला गेलात तर नदी लांब राहिली आणि प्रत्येक खेपेला आणखी पंधरा-वीस मिनिटं वाढली. व्हॅटिकनच्या भिंतीला खेटून राहिलात तर सकाळी संग्रहालयाच्या रांगेतून वाट काढत बाहेर पडायचं. तुम्हाला नदीकाठचाच कोपरा हवा. चौकातून न्यायालयाला वळसा घालून पोंते उंबेर्तो हा पूल ओलांडला की दहा-बारा मिनिटांत नावोना, पंधरा-सतरा मिनिटांत पँथिऑन. चढ नाही, जिना नाही. दुपारी जेवून खोलीवर यायला टॅक्सी शोधावी लागणार नाही, आणि संध्याकाळी ६ वाजता “निघायचं का?” विचारल्यावर सासूबाई चप्पल घालतील.

चप्पल म्हटलं खरं, पण न्यायचे बूटच. जाड तळव्याचे, आधीच महिनाभर वापरलेले.

व्हॅटिकनही याच काठावर, चौकापासून साधारण सव्वा किलोमीटर. त्याबद्दल शेवटी सांगते, कारण मला तुमच्या सासूबाईंसाठी त्यात एक गोष्ट दिसतेय.

या पत्त्याची एक उणीव आहे, ती लपवत नाही. कोलोसिअम लांब पडतं, ३ किलोमीटरच्या आसपास. त्यावर उपाय सोपा: लांबच्या ठिकाणी जाताना वाहन, येताना पायी. सकाळी टॅक्सीनं कोलोसिअमला उतरा. बघून झालं की परतीची वाट धरा, व्हिया देई फोरी इम्पेरिआलीवरून दोन्ही हातांना जुनी सभास्थानं बघत पिआत्सा व्हेनेझिया, तिथून पँथिऑन, नावोना, पूल आणि खोली. सगळं बघणं घराच्या दिशेनं होतं. पाय बोलायला लागले तर मध्येच थांबता येतं, टॅक्सीत बसता येतं, आणि प्रत्येक पावलाला मुक्काम जवळ येत असतो, दूर जात नसतो. त्या एका दिवशी दुपारची झोप उशिरा होईल, चालेल. तुमच्या ४ दिवसांत रविवार येत असेल तर हा बेत रविवारीच ठेवा, त्या दिवशी फोरी इम्पेरिआलीवर गाड्या बंद असतात आणि सगळा रुंद रस्ता चालणाऱ्यांचा असतो. पालातिनो टेकडीवर चढायचं की नाही ते गुडघ्याला विचारून ठरवा. तिघांनी सगळं एकत्रच बघायला हवं असंही नाही. सावलीतल्या बाकावर अर्धा तास बसणं हेही रोमच आहे.

नदीकाठानं चालायचा मोह होईल, विशेषतः त्रास्तेवेरेकडे जाताना. वरचा रस्ता चिनारांच्या जातीच्या मोठ्या झाडांखालून जातो, फोटोत फार छान दिसतो, पण प्रत्यक्षात गाड्यांचा आवाज कानठळ्या बसवतो. त्याला समांतर, एक पदर आत, व्हिया जूलिया आहे. पोप दुसऱ्या जूलियसनं १६व्या शतकाच्या सुरुवातीला आखून घेतलेला, जवळजवळ एक किलोमीटर सरळ जाणारा शांत रस्ता. त्याच्या टोकाला पोंते सिस्तो येतोच.

हॉटेल ठरवण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा, फोनवर नको. पहिली, लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का. रोममध्ये “लिफ्ट आहे” म्हणतात आणि लिफ्टपर्यंत पोचायला सात-आठ पायऱ्या असतात. दुसरी, खोली आतल्या चौकाच्या बाजूची मिळेल का. रस्त्याकडच्या खोलीला देखावा, आतल्या खोलीला झोप. सासूबाईंसाठी तरी आतली घ्या. तिसरी, न्हाणीघरात नुसता शॉवर आहे की टब. टबात पाय उंच उचलून शिरावं लागतं, ओल्या पायांनी बाहेर यावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्याला रस्त्यापेक्षा त्याचाच धोका जास्त. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना तारे मोजत बसू नका, त्यात “आवाज” आणि “पायऱ्या” हे शब्द शोधा. आणि नकाशात रस्त्याचे फोटो उघडून हॉटेलच्या दारापासून पुलापर्यंत बोटानं एकदा चालून बघा. फुटपाथ कुठे संपतो ते घरबसल्या दिसतं.

खोलीच्या भाड्याशिवाय शहराचा कर वेगळा असतो आणि तो बहुधा हॉटेलातच भरावा लागतो. ३ तारांकित हॉटेलात माणशी दर रात्री ६ युरो, म्हणजे तुमच्या तिघांचे ४ रात्रींचे ७२. भाग कुठलाही घ्या, तो तितकाच. मिस्टरांच्या हिशेबात हा आकडा आधीच टाकून द्या, तिथे गेल्यावर कपाळाला आठ्या नकोत.

पाण्याची बाटली एकदाच घ्या. १८७४ पासून रोमभर रस्त्याकडेला ओतीव लोखंडाचे छोटे खांब उभे आहेत, वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना नाझोनी म्हणजे मोठं नाक म्हणतात. आज असे सुमारे २,५०० आहेत. पाणी अखंड वाहतं, पिण्याचं असतं आणि गार असतं. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, वाकायला नको. गुडघेवाल्यांनी हे जरूर शिकून घ्यावं.

आता सासूबाईंची गोष्ट. त्या रोज सकाळी तासभर चालतात असं तुम्ही लिहिलंय. प्रवासात अशा माणसांच्या याच सवयीवर पहिली गदा येते. परका गाव, वाट चुकेल, सगळे उठेपर्यंत खोलीत बसून राहायचं. पिआत्सा कावूरहून त्यांना ही सवय मोडावी लागणार नाही. चौकातून कास्तेल सांतान्जेलोचा गोल किल्ला दिसेपर्यंत चालायचं, किल्ल्यासमोरून पुढे जायचं, की व्हिया देल्ला कोंचिलिआत्सिओने हा रुंद, सरळ रस्ता लागतो आणि समोर सेंट पीटर्सचा घुमट. पूर्वी मध्ये पिआत्सा पिया इथे वाहनांचा मोठा चौक ओलांडावा लागायचा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गाड्या भुयारातून वळवल्या आणि वरची जागा पादचाऱ्यांना दिली, त्यामुळे किल्ल्यापासून पुढची वाट आता सलग चालायची आहे. घुमट डोळ्यांसमोर असताना वाट चुकायला जागाच नाही. जाऊन-येऊन अडीच किलोमीटर, बसत-उठत तास.

सप्टेंबरच्या शेवटी तिथे ७ च्या सुमाराला सूर्य उगवतो. त्या वेळी सेंट पीटर्सच्या चौकात झाडूवाले असतात, एखाद-दुसरी नन घाईघाईनं आत जाताना दिसते, आणि दोन्ही बाजूंचे खांबांचे अर्धगोल रिकामे असतात. पहिल्या सकाळी तुम्ही त्यांच्याबरोबर जा. हॉटेलचं कार्ड त्यांच्या पर्समध्ये, तुमचा नंबर फोनमध्ये सर्वात वर. दुसऱ्या सकाळी त्यांना एकटीनं जाऊ द्या. मग नाश्त्याच्या टेबलावर काय काय पाहिलं ते त्यांनीच तुम्हाला सांगू दे.